इन्सब्रुकचा शेतकरी बाजार

बाजाराचा दिवस आपणां सर्वांस ठाऊक आहे. पहाटे उठायचे, माल गाडीत भरायचा, जागा धरायची, पाल ठोकायचे. गिऱ्हाईक येते, भाव विचारते, घासाघीस करते. दिवस कलला की मनात एकच विचार येतो. उरलेला माल मातीमोल देऊन टाकावा, की घरी परत न्यावा?

हा विचार फक्त आपल्याच शेतकऱ्याला पडतो असे नाही. आज आपण फार दूरच्या एका शहरात बाजार पाहायला जाऊ. तेथेही शेतकरी आपला माल स्वतःच्या हाताने विकतो. तो काय विकतो, कसा विकतो, आणि शेवटी त्याच्या पदरात काय पडते, ते पाहू.

१. डोंगरातले शहर

यूरोप खंडात आल्प्स नावाचा मोठा पर्वत आहे. त्या पर्वतात ऑस्ट्रिया हा देश आहे. त्या देशाच्या एका प्रांताचे नाव टायरॉल. टायरॉलची राजधानी म्हणजे इन्सब्रुक शहर. तेथे सुमारे १ लाख ३० हजार लोक राहतात.

इन्सब्रुक समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. आपले पुणेही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आहे. पण पुण्यात बर्फ पडत नाही, इन्सब्रुकला पडतो. असे का? कारण इन्सब्रुक पृथ्वीच्या फार उत्तरेकडच्या भागात आहे. तेथे हिवाळ्यात सूर्य थोडाच वेळ दिसतो. शेते बर्फाखाली जातात. उघड्या शेतात पीक घ्यायला वर्षातले थोडेच महिने मिळतात.

शहराच्या उत्तरेला डोंगराची सरळ भिंत उभी आहे. त्यातले हाफेलेकार नावाचे शिखर २,३३४ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. यावरून अंदाज करा.

टायरॉल प्रांतात डोंगर, खडक आणि रान इतके आहे की १०० एकर जमिनीपैकी जेमतेम १२ ते १३ एकर जमीन कायम वस्तीच्या उपयोगाची आहे. त्याच जमिनीत घरे, तीच जमीन रस्त्यांना, आणि तीतच शेती. त्यामुळे शेतकऱ्याजवळ जमीन थोडी. थोड्या जमिनीवर घर चालवायचे, तर पिकवलेल्या मालाला बरा भाव मिळायलाच हवा. बाजाराचे महत्त्व येथूनच सुरू होते.

२. बाजारामुळे वाढलेले गाव

शहरातून इन नावाची नदी वाहते. तेथली भाषा जर्मन. त्या भाषेत पुलाला 'ब्रुके' म्हणतात. इन नदीवरचा पूल म्हणून इन्सब्रुक. म्हणजे गावाच्या नावातच पूल आहे.

जुन्या काळी बाजार नदीच्या उत्तर काठावर भरे. ती जागा अपुरी पडू लागली. दक्षिण काठाची जमीन विल्टेन येथील मठाच्या मालकीची होती. ११८० साली तेथल्या सरदाराने मठाशी जमिनीचा करार केला. मग बाजार पूल ओलांडून दक्षिणेकडे आला. त्या बाजाराभोवती आजचे शहर वाढले.

बाजार नेमका तेथेच का? शहराच्या दक्षिणेला ब्रेनर नावाची खिंड आहे. तिची उंची सुमारे १,३७० मीटर. आल्प्स ओलांडण्याच्या मोठ्या वाटांमध्ये ही ठेंगण्या वाटांपैकी एक. म्हणून इटली देशाकडून येणारा माल याच वाटेने येई. घाट उतरला की पुढे पूल. पुलापाशी माणसे थांबत. माणसे थांबली की देवघेव होते. आपल्याकडेही घाटाच्या पायथ्याशी अशाच बाजारपेठा वसल्या आहेत.

३. व्यापाऱ्याचा बाजार आणि शेतकऱ्याचा बाजार

इन्सब्रुकमध्ये नदीकाठी एक मोठी मंडई आहे. तिला छप्पर आहे. ती सोमवार ते शनिवार उघडी असते, रविवारी बंद. तेथे शेतकरीही बसतात आणि व्यापारीही बसतात. व्यापाऱ्याकडे लिंबे, संत्री, केळी दिसतात. ही फळे टायरॉलच्या थंडीत पिकत नाहीत. ती बाहेरून येतात.

याशिवाय शहरात शेतकऱ्यांचे निराळे बाजार भरतात. शहराच्या मध्यभागी एका चौकात शुक्रवारी बाजार असतो. विल्टेन भागातल्या लहान चौकात शनिवारी सकाळी बाजार असतो. हो, मघाशी ज्या मठाचे नाव आले, तेच हे विल्टेन. सकाळी पाले उभी राहतात आणि दुपारी चौक पुन्हा मोकळा होतो.

शेतकरी बाजाराचा मूळ नियम सोपा आहे. जे विकायचे ते आपल्या शेतातले, आपल्या गोठ्यातले किंवा आपल्या घरी केलेले असावे. दुसऱ्याकडून घेऊन विकायचे नाही. म्हणून एक सोपी खूण लक्षात ठेवा. इन्सब्रुकमध्ये ज्या पालावर केळी टांगलेली दिसतील, ते पाल तेथल्या शेतकऱ्याचे नव्हे.

विकणारा आणि घेणारा भेटले की तेथे 'ग्र्यूस गॉट' म्हणतात. त्यात देवाचे नाव आहे. आपण 'रामराम' म्हणतो, तसेच ते.

४. पालावर काय काय असते?

इन्सब्रुकच्या पूर्वेला थाउर नावाचे गाव आहे. ते भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथल्या भागातून मुळे, कोशिंबिरीचा पाला, कांदे, कोबी शहरात येतात. तेथला मुळा आपल्यासारखा लांब पांढरा नसतो. तो लहान, गोल आणि वरून लाल असतो.

पश्चिमेकडे हाइमिंग गावाच्या आसपास सफरचंदाच्या बागा आहेत. लांडेकजवळच्या श्टान्स गावचे आलुबुखार नावाजलेले आहेत. बटाटे तर सगळीकडेच.

हिवाळ्यात पाले ओस पडतात काय? नाही. तेथला शेतकरी उन्हाळ्यातच हिवाळ्याची तयारी करतो. कोबी बारीक चिरून मिठात आंबवतात. फळांचा मुरंबा करतात. राय नावाचे गव्हासारखे धान्य असते, त्याच्या पिठाचा काळसर पाव भाजतात. डुकराचे मांस मीठ लावून, धुरी देऊन, वाऱ्यावर सुकवतात. ते पुष्कळ दिवस टिकते. आपल्या बायका उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे करून ठेवतात. कारण तेच. पीक थोडे दिवस येते, पोटाला बारा महिने लागते.

५. दुधाचे चीज आणि डोंगरावरची गाय

या बाजारातला मोठा माल म्हणजे चीज. दूध नासवतात, त्यातले पाणी काढतात, उरलेला घट्ट गोळा मीठ लावून मुरत ठेवतात. त्याला चीज म्हणतात. दूध दोन दिवसांत खराब होते. चीज कित्येक महिने टिकते.

टायरॉलमध्ये एक जुने चीज आहे. त्याला 'ग्राउकेझं' म्हणतात, म्हणजे राखी रंगाचे चीज. ते गरिबीतून जन्मले. शेतकरी दुधाची साय काढून लोणी करी आणि लोणी विकून टाकी. साय काढलेले दूध उरे. ते फेकायचे कसे? मग त्या दुधाला आंबवून त्याचे चीज करू लागले. त्यात स्निग्ध अंश अगदी थोडा. त्यावर तेल, शिरका आणि चिरलेला कांदा घालून खातात. एकेकाळी गरिबाच्या घरचे हे खाणे आज मानाने विकले जाते. यूरोपीय संघाने त्याच्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले आहे. टायरॉलमध्ये ठरलेल्या रीतीने केले तरच त्याला 'टायरॉलचे ग्राउकेझं' म्हणता येते. आपल्या देशात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि नाशिकची द्राक्षे यांच्या नावांनाही असेच संरक्षण आहे.

चांगल्या चीजसाठी गायीचा चाराही पाहावा लागतो. गायीला मुरघास घातला, तर त्यातले काही जंतू दुधात उतरू शकतात. असे दूध वापरले, तर महिनोन् महिने मुरणारे चीज मध्येच फुगते आणि फुटते. म्हणून तेथले बरेच शेतकरी मुरघास घालत नाहीत. उन्हाळ्यात हिरवे गवत आणि हिवाळ्यात वाळलेले गवत घालतात. अशा दुधाला 'हॉयमिल्ख' म्हणजे गवताचे दूध म्हणतात. २०१६ साली यूरोपीय संघाने या रीतीचीही नोंद केली.

टायरॉलमध्ये डोंगरमाथ्यावरची २,००० हून अधिक कुरणे आहेत. जूनच्या सुमारास गायी तेथे चढतात. सप्टेंबरात उतरतात. उन्हाळा सुखरूप गेला असेल, तर उतरताना गायींना फुलांचे मुकुट घालतात आणि गळ्यात मोठ्या घंटा बांधतात. पण डोंगरावर एखादे जनावर दगावले असेल, तर गायी सजवत नाहीत. मुकाट्याने घरी आणतात. आपण पोळ्याला बैल सजवतो. म्हणून ही रीत आपणांस परकी वाटणार नाही.

६. पाटी वाचा, अंडे वाचा

आता या बाजारातली मुख्य गोष्ट सांगतो. तेथे जवळजवळ प्रत्येक वस्तूवर पाटी असते. पाटीवर मालाचे नाव असते आणि भाव असतो. भाव किलोला किती, हेही लिहावे लागते. १९९८ साली यूरोपीय संघाने तसा नियम केला. याचा उपयोग काय? समजा, एक पुडा लहान आहे आणि दुसरा मोठा. कोणता स्वस्त, हे नुसते पाहून कळत नाही. किलोचा भाव वाचला की लगेच कळते.

वजनकाटाही ठराविक मुदतीने तपासून घ्यावा लागतो. त्यावर तशी खूण असते. आपल्याकडेही काट्यावर आणि मापावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. तुम्ही तो कधी पाहिला आहे काय?

काही पाट्यांवर 'बायो' हा शब्द असतो. म्हणजे रासायनिक खत आणि रासायनिक फवारणी टाळून, ठरलेल्या नियमांनी पिकवलेला माल. हा शब्द कोणालाही मनाला येईल तसा लिहिता येत नाही. आधी शेताची तपासणी होते, मग दाखला मिळतो, मगच तो शब्द लिहायचा.

सर्वांत मौजेची गोष्ट अंड्याची. बाजारातल्या अंड्यावर शाईने आकडे छापलेले असतात. पहिला आकडा कोंबडी कशी वाढवली ते सांगतो.

० म्हणजे बायो रीतीने वाढवलेली कोंबडी.
१ म्हणजे बाहेर मोकळी हिंडणारी कोंबडी.
२ म्हणजे घरातच, पण पिंजऱ्याबाहेर वाढवलेली कोंबडी.
३ म्हणजे पिंजऱ्यातली कोंबडी.

त्यापुढे देशाची दोन अक्षरे असतात. त्यापुढे अंडी कोणाकडची, त्याचा क्रमांक असतो. ऑस्ट्रियात अंड्यांसाठी कोंबड्या पिंजऱ्यात ठेवण्यावर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. म्हणून तेथल्या अंड्यावर ३ हा आकडा असू नये.

पाहा, एवढेसे अंडे! पण ज्याला वाचता येते त्याला ते आपली सगळी हकीकत सांगते. ज्याला वाचता येत नाही, त्याला सगळी अंडी सारखीच.

येथे मला माझ्या आईची आठवण होते. ती वांगी घेऊन तालुक्याच्या बाजारात जात असे. माल अडत्याकडे घालायचा आणि संध्याकाळी पट्टी घ्यायची. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई, अडत असे सारे लिहिलेले असे. आईला अक्षर येत नव्हते. अडत्या सांगेल ते खरे. मी चौथीत असताना एका रात्री तिने पट्टी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "वाच रे बाबा." मी वाचले, "वजन ३६ किलो." आई गप्प बसली. घरून निघताना तिने शेजारच्या काट्यावर वांगी मोजली होती. ती ४० किलो भरली होती.

पुढच्या बाजारी ती मला सोबत घेऊन गेली. अडत्याने पट्टी दिली. आई म्हणाली, "मोठ्याने वाच." मी चार माणसांत मोठ्याने वाचली. त्या दिवशी वजन बरोबर निघाले. आधीच्या किती बाजारांत किती किलो गेले, त्याचा हिशेब मात्र कधीच लागला नाही.

७. मधल्या माणसाचे काम कोण करतो?

कोणी म्हणेल, "मग अडत्या नकोच, व्यापारी नकोच. शेतकऱ्याने थेट विकावे म्हणजे झाले." बोलायला हे सोपे आहे. आपण हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, आणि सोयीसाठी रुपयांत धरले आहेत.

एका शेतकरणीकडे ४० किलो बटाटे आहेत. व्यापारी घरी येऊन १२ रुपये किलोने घेतो.
४० × १२ = ४८० रुपये.

तीच बाई बाजारात बसली. तेथे भाव ३० रुपये किलो. पण सगळा माल खपत नाही. ३५ किलो खपला, ५ किलो उरला.
३५ × ३० = १,०५० रुपये.
गाडीचा खर्च २५० रुपये. जागेचे भाडे १०० रुपये. एकूण खर्च ३५० रुपये.
१,०५० − ३५० = ७०० रुपये.

व्यापाऱ्याला दिले असते तर ४८०. स्वतः विकले तर ७००. जास्त मिळाले २२० रुपये. पण त्यासाठी तिचा पुरा दिवस गेला. २२० रुपयांत दिवसाची मजुरी तरी सुटली काय?

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. मधला माणूस गेला, तरी त्याचे काम जात नाही. माल वाहून नेणे, निवडणे, तोलणे, भाव ठरवणे, गिऱ्हाईक सांभाळणे, उरलेल्या मालाचे नुकसान सोसणे ही सारी कामे उरतातच. ती आता शेतकऱ्याने करायची.

टायरॉलची शेतकरीण यावर काय करते? ती फक्त बटाटे आणत नाही. त्याच गाडीत अंडी आणते, चीज आणते, पाव आणते, मुरंब्याच्या बरण्या आणते. समजा, या वस्तू करण्याचा खर्च वजा जाऊन तिला आणखी ६०० रुपये उरले. गाडीचा खर्च तोच, जागेचे भाडे तेच, दिवसही तोच. आता जास्तीचे उत्पन्न २२० नव्हे, तर ८२० रुपये झाले. शिवाय उरलेले दूध चीज होऊन टिकते. उरलेले फळ मुरंबा होऊन टिकते. दिवस कलला म्हणून मातीमोल द्यावे लागत नाही.

तरीही तिचे जिणे सुखाचे आहे असे समजू नका. पहाटे गायींची धार काढून ती बाजाराला येते. दुपारी पाल आवरून घरी जाते, तो पुन्हा धारेची वेळ होते. डोंगरातली शेते लहान आणि उताराची. नुसत्या बाजारावर घर चालत नाही. त्यांना सरकारची मदत मिळते. कोणी घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात. कोणी शेती सांभाळून दुसरी नोकरी करतात. बाजार हा त्यांच्या संसाराचा एक खांब आहे, सगळे घर नव्हे. पण त्या एका खांबाचे मोल असे की तेथे मालाचा भाव शेतकरी स्वतः ठरवतो.

८. आपला बाजार

आपल्याकडेही वारा बदलत आहे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरचे बंधन काढले. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना सुरू झाली. अरणचे सावता महाराज स्वतः मळा पिकवीत. नाव योग्यच दिले.

पण वाट मोकळी झाली, एवढ्याने भागत नाही. तिच्यावर चालायला पायांत बळ हवे. थेट विकायचे तर पाटी लिहिता आली पाहिजे. काट्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे. खर्च आणि उत्पन्न वहीत मांडता आले पाहिजे. ही तिन्ही कामे तुम्ही आता करू शकता. म्हणून येत्या बाजारी दुसऱ्याला विचारू नका. आपल्या मालाची पाटी आपल्या हाताने लिहा. अशी:

गावठी वांगी
आमच्या मळ्यातली, आज सकाळी तोडलेली
१ किलोचा भाव ...... रुपये

खाली आपले नाव लिहा आणि गावाचे नाव लिहा. ज्या मालावर आपण आपले नाव लिहितो, तो माल आपण खराब देत नाही. गिऱ्हाईकही ते नाव लक्षात ठेवते आणि पुढच्या बाजारी शोधत येते.

शब्दांचे अर्थ

खिंड — दोन डोंगरांमधली वाट
मठ — साधू किंवा धर्मगुरू राहतात ती जागा
कुरण — जनावरे चरण्याचे रान
मुरघास — हिरवा चारा दाबून, हवाबंद ठेवून मुरवलेला
शिरका — आंबवून केलेला आंबट रस
पट्टी — अडत्याने शेतकऱ्यास दिलेला विक्रीचा हिशेब
तोलाई — माल तोलण्याची मजुरी

प्रश्न

१. इन्सब्रुक या नावाचा अर्थ काय?
२. पालावर केळी दिसली, तर ते पाल कोणाचे नव्हे? का?
३. ग्राउकेझं हे चीज कोणत्या दुधाचे करतात?
४. अंड्यावर पहिला आकडा १ असेल, तर कोंबडी कशी वाढलेली?
५. पाठातल्या हिशेबात ५ किलो बटाटे उरले. सगळेच बटाटे खपले असते, तर त्या बाईला खर्च वजा जाता किती रुपये मिळाले असते?
६. तुमच्या मागच्या बाजाराचा खर्च आणि उत्पन्न वहीत लिहा. त्यात आपल्या दिवसाची मजुरी धरायला विसरू नका.